प्रेक्षकाच्या खुर्चीचे मोल



आमच्या घोटीच्या बाजारात काय मिळत नाही? नवा तांदूळ मिळतो, भाजीपाला मिळतो, घोंगडी मिळते, पोळ्याच्या आधी बैलांचा साजही मिळतो. प्रत्येक वस्तूला भाव आहे आणि घासाघीस करायला दोन्ही बाजूंना मोकळीक आहे. पण ह्याच गावात राहून मी एकदा अशी वस्तू विकत घेतली, जी मुळात विक्रीला नव्हतीच. आणि मी एकट्याने घेतली असती तर ती माझ्यापुरती राहिली असती. मी ती आणखी दहा जणांना घ्यायला लावली. आज त्याच वस्तूविषयी चार शब्द सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे दूरचित्रवाणीवरच्या प्रश्नमंजुषेचे चित्रीकरण चालते, तिथली प्रेक्षकाची खुर्ची.

हे खेळ आपल्याला नवीन नाहीत. इंग्लंडात १९९८ साली निघालेल्या एका खेळावरून आपल्याकडे ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे ह्या तरुणाने एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा गावोगावच्या पारावर त्याचीच चर्चा होती. पुढे २०१३ साली मराठीत ‘कोण होईल मराठी करोडपती’ आला, २०१९ साली ‘कोण होणार करोडपती’ आला. त्याच २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे ह्यांनी हिंदी कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी बाई, महिना १५०० रुपये मानधन घेणारी. त्या दिवसापासून आमच्या खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांना हा खेळ परका राहिला नाही. जेवणाच्या ताटावर बसूनसुद्धा माणसे ‘ब, ब, पर्याय ब’ असे ओरडू लागली.

आमच्या शाळेतही खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी होत्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण वर्तमानपत्राचा कागद पुडीला आला तरी वाचून मग टाकायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, “गुरुजी, खेळायचं नाही हो मला. पण ते सगळं चालतं कसं, ते एकदा डोळ्यांनी बघावंसं वाटतं.”

मला वाटले, ह्यात काय अवघड आहे? मी विचारपूस केली. ओळखीतून ओळख निघाली आणि एका गृहस्थाचा दूरध्वनी आला. बोलणे मोठे गोड. “माणशी ८०० रुपये द्या गुरुजी, पुढच्या रांगेत बसवतो. पडद्यावर दिसाल.” श्रोतेहो, पडद्यावर दिसण्याचा मोह फार वाईट. मी दोन शिक्षक, बचत गटातल्या आठ बाया आणि माझे स्वतःचे असे अकरा जणांचे ८,८०० रुपये गोळा करून पाठवले. पावती मागितली नाही. शाळेत पेन्सिलीच्या खोक्याचीही पावती फायलीला लावणारा मी, इथे मात्र चिठ्ठीसुद्धा मागितली नाही.

ठरल्या दिवशी पहाटे जीप करून आम्ही घाट उतरलो. गोरेगावच्या चित्रनगरीच्या दाराशी पोहोचलो, तेव्हा अकरा वाजले होते. दारावरच्या माणसाने यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. आमच्यापैकी एकाचेही नाव नाही. त्या गृहस्थाचा दूरध्वनी लागेना. दारावरचा माणूस सज्जन होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “गुरुजी, इथं बसायला तिकीट नसतं. कुणी पैसे घेतले असतील तर ते गेले असं समजा.”

परतीच्या वाटेवर जीपमध्ये कोणी बोलेना. घरी आल्यावर मी दहा जणांचे ८,००० रुपये माझ्या खिशातून परत केले. मावशींनी ते घेतले, पण म्हणाल्या, “पैशाचं काय गुरुजी, ते फिटले. दाराच्या आत बघायचं राहिलं ते राहिलंच.” हे वाक्य मला त्या ८,००० रुपयांपेक्षा जास्त लागले.

मग मी जरा शहाण्यासारखा वागलो. आधी समजून घेतले, मग पाऊल टाकले. जे समजले ते आपल्याला सांगतो.

पहिली गोष्ट अशी की खेळाडू होणे आणि प्रेक्षक होणे ह्या दोन वाटा वेगळ्या आहेत. खेळाडू व्हायचे असेल तर हंगामाच्या आधी वाहिनीवर नोंदणीचे प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे वाहिनीने सांगितलेल्या मार्गानेच आणि सांगितलेल्या मुदतीतच पाठवायची. त्यातून निवड होते, मग चाचणी, मग मुलाखत आणि मग मोजक्या लोकांना बोलावणे. ज्याला बोलावणे येते, त्याच्याबरोबर घरचे माणूस सोबतीला जाऊ शकते. प्रेक्षकांची वाट निराळी. कार्यक्रम करणाऱ्या संस्थेचे लोक खुर्च्या भरण्याचे काम पाहतात. ते महाविद्यालये, संस्था, महिला मंडळे ह्यांच्याकडून नावे मागवतात, कधी जाहीर सूचना देतात. नाव, वय आणि ओळखपत्राचा तपशील पाठवावा लागतो. नाव यादीत बसले तर दिवस आणि वेळ कळवतात.

दुसरी गोष्ट, ही खुर्ची फुकट असते. फुकट का असते, हे नीट ध्यानात घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. नाटकाला आपण तिकीट काढतो, कारण नाटक आपल्यासाठी चाललेले असते. चित्रीकरण हे घरी बसलेल्या लाखो लोकांसाठी चालते. तिथला प्रेक्षक हा गिऱ्हाईक नव्हे, तो त्या खेळाचाच एक भाग असतो. टाळ्या कोण वाजवणार? खेळाडू अडखळला की श्वास कोण रोखणार? रिकाम्या खुर्च्या पडद्यावर दिसल्या तर खेळ ओकाबोका वाटतो. म्हणून गरज त्यांना असते, आपल्याला नव्हे. मुंबईत तर कित्येक कार्यक्रमांना खुर्च्या भरण्यासाठी रोज देऊन माणसे आणून बसवतात. आता आपणच सांगा, ज्या खुर्चीत बसणाऱ्याला रोज मिळतो, त्याच खुर्चीसाठी आपल्याकडे ८०० रुपये मागणारा माणूस कोण असेल?

आपल्या आकाशवाणीचीही रीत जुनी हीच आहे. १९५४ साली आकाशवाणीचे संगीत संमेलन सुरू झाले. मोठमोठे गवई निमंत्रित श्रोत्यांसमोर गायले. त्या श्रोत्यांना प्रवेशिका मिळे, ती विकत नसे. परदेशातही असेच आहे. इंग्लंडात बी.बी.सी.च्या कार्यक्रमांची प्रेक्षकांची तिकिटे मोफत असतात. पण त्यात एक गोम असते. काही लोक येत नाहीत हे धरून ती खुर्च्यांपेक्षा जास्त वाटतात. म्हणजे हातात तिकीट असले तरी खुर्ची मिळेलच अशी हमी नसते. जो वेळेवर येईल, तो आत.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. ‘तुमच्या नंबरला करोडपतीची २५ लाखांची लॉटरी लागली आहे’ असे निरोप मोबाईलवर फिरत असतात. त्या खेळात लॉटरी नाही. जो खेळलाच नाही, त्याला बक्षीस लागत नाही. ‘बक्षीस सोडवण्यासाठी आधी कर भरा’, ‘निवड पक्की करण्यासाठी अनामत भरा’, ‘पुढच्या रांगेसाठी एवढे द्या’, ही सगळी एकाच माळेची मणी आहेत. बँकेचा आकडा, मोबाईलवर आलेला गुप्त क्रमांक, आधार कार्डाचे छायाचित्र अनोळखी माणसाला देऊ नका. पैसे गेलेच, तर लाजू नका. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. मी त्या वेळी लाजेने गप्प बसलो. माझ्या मागून त्या गृहस्थाने आणखी किती गावांना गंडवले असेल, ह्याचा विचार आजही मनात येतो. शिक्षक बंधुभगिनींनो, आपण फसलो हे सांगणे हासुद्धा एक धडाच असतो, आणि तो आपणच द्यायला हवा.

तर पुढच्या वेळी काय झाले ते ऐका. एका मराठी प्रश्नमंजुषेसाठी प्रेक्षकांचे गट हवे आहेत, अशी सूचना खुद्द कार्यक्रमाच्या वेळीच पडद्यावर आली. आम्ही त्यात दिलेल्या ठिकाणी दहा नावे पाठवली. पंधरा दिवस काही नाही. मग बोलावणे आले, तेही जेमतेम दोन दिवस आधी. पैशाचा शब्द कोणी काढला नाही. कपड्यांविषयी मात्र सांगितले, की बारीक रेघांचे आणि फार लकाकणारे कपडे नकोत, ते कॅमेऱ्याला सोसत नाहीत.

आम्ही घोटीहून कसाऱ्यापर्यंत एसटीने गेलो. कसाऱ्याहून लोकल, दादरला गाडी बदलून गोरेगाव, आणि तिथून पूर्वेला चित्रनगरी. राज्य सरकारने १९७७ साली उभारलेल्या ह्या चित्रनगरीला नाव आहे दादासाहेब फाळके ह्यांचे. हे फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० सालचा. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारा हा माणूस शेवटी १९४४ साली नाशिकलाच वारला. दारावरचे ते नाव वाचून मावशी म्हणाल्या, “म्हणजे आपल्याच माणसाचं घर की हो हे!”

घर आपल्या माणसाचे असले तरी दारात ताटकळावे लागतेच. दहा नावांपैकी सातच जण पहिल्या भागाला आत गेले. जागा भरल्या होत्या. आम्ही तिघे बाहेर बाकावर बसलो आणि संध्याकाळच्या भागाला आत गेलो. मोबाईल बाहेर जमा. आत गारठा, कारण दिव्यांच्या उष्णतेपायी यंत्राने हवा थंड ठेवतात. बसण्याची जागाही आपण निवडायची नसते. तिथला माणूस उठवील तिथून उठायचे, बसवील तिथे बसायचे. घरी जो खेळ तासाभरात संपतो, तो तिथे तीन-तीन तास चालतो. मध्येच दिवा बिघडतो, मध्येच कॅमेरा हलवतात, एकच टाळी दोनदा वाजवायला लावतात. जाणाऱ्याने औषधाच्या गोळ्या बरोबर ठेवाव्यात, लहान मुले घरी ठेवावीत, पोटात काही घालूनच निघावे. आणि परतीचा विचार जाण्याआधी करावा. शेवटच्या लोकलने कसाऱ्याला उतरलात, तर रात्री घाट चढायला वाहन मिळेलच असे नाही. आम्ही त्या रात्री कल्याणला एका नातलगाकडे पथाऱ्या टाकल्या.

मावशी पहिल्या भागाला आत होत्या. तिथे काय घडले, ते त्यांनीच मला रात्री सांगितले. खेळाडू मुंबईचा एक तरुण होता. प्रश्न आला: महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे कोणत्या तालुक्यात आहे? पर्यायांत इगतपुरीही होते आणि अकोलेही. तरुण अडला आणि त्याने प्रेक्षकांचे मत मागितले. प्रत्येकाच्या हाती चार बटणांचे छोटे यंत्र दिलेले होते.

आता आमच्याकडून कळसूबाईचा डोंगर रोज दिसतो. इगतपुरी तालुक्यातला कोणीही छातीवर हात मारून म्हणेल, कळसूबाई आमचीच! मावशींच्या शेजारी बसलेल्या आमच्याच बायांनी इगतपुरीकडे बोट नेले. पण मावशींचे माहेर बारी, कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. ते अकोले तालुक्यात. “ओरडून सांगावंसं वाटलं गुरुजी,” त्या म्हणाल्या, “पण ओरडायचं नाही असं आधीच बजावलं होतं. मग गप बटण दाबलं. एवढ्या मोठ्या सभेत माझं मत कोणी विचारलं, असं पहिल्यांदाच झालं.” थोड्या वेळाने चार खांब पडद्यावर उभे राहिले. सर्वांत उंच खांब अकोल्याचा होता. तरुणाने तेच उत्तर दिले आणि तो पुढे गेला. मावशींचे नाव कोणी घेतले नाही, कोणाला ते कळलेही नाही.

श्रोतेहो, त्या खुर्चीचे मोल मला त्या रात्री कळले. पडद्यावर दिसणे हे ते मोल नव्हे. आपल्याला जे माहीत आहे, ते दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळी प्रामाणिकपणे सांगण्याची पाळी आपल्यावर येते, हे ते मोल.

पण इतक्या अनोळखी लोकांचे मत बरोबर येते तरी कसे? ह्याचे गणित सोपे आहे, फळ्यावर मांडता येईल असे. समजा शंभर प्रेक्षक आहेत. त्यांतल्या फक्त २० जणांना उत्तर ठाऊक आहे. उरलेले ८० जण नुसता अंदाज करतात. चार पर्यायांत ते सारखे वाटले गेले, तर प्रत्येक पर्यायाला २० मते. बरोबर पर्यायाला मात्र ते २० आणि जाणत्यांचे २०, अशी ४० मते पडतात. म्हणजे अज्ञान चार दिशांना पांगते आणि ज्ञान एका ठिकाणी साचते. म्हणून थोडे जाणते असले तरी खांब उंच होतो.

शंभरेक वर्षांपूर्वीची एक हकीकत ह्याला जोडून सांगतो. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथ गावच्या जत्रेत एका बैलाचे मांस किती पौंड भरेल, ह्याचा अंदाज लोकांनी पैसे भरून तिकिटावर लिहून द्यायचा होता. फ्रान्सिस गॉल्टन ह्या शास्त्रज्ञाने नंतर ती ७८७ तिकिटे तपासली. सगळे अंदाज चढत्या क्रमाने लावून त्यांतला मधला काढला, तो आला १,२०७ पौंड. खरे वजन होते १,१९८. त्यात खाटीक होते, शेतकरी होते, आणि काहीही न कळणारेही होते. आपल्या बाजारात बैलाभोवती जमलेल्या दहा जणांनी सांगितलेल्या किमती ऐका, त्यांतली मधली किंमत बहुधा वावगी नसते.

मात्र एक अट आहे. प्रत्येकाने आपापले मत दिले पाहिजे. शेजाऱ्याचे पाहून बटण दाबले, तर अज्ञान पांगत नाही, तेही एका जागी साचते, आणि मग चुकीचा खांब उंच होतो. आमच्या बाया जर मावशींवर रेटा आणू शकल्या असत्या, तर तिथे इगतपुरीला एक मत वाढले असते आणि अकोल्याचे एक कमी झाले असते.

प्रेक्षकावाचून हा खेळ पुरा होत नाही, ह्याचा पुरावाही आपल्यासमोर आहे. २०२० साली साथीच्या दिवसांत ‘कौन बनेगा करोडपती’च्या खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागल्या. त्याबरोबर प्रेक्षकांचे मत घेण्याची सोयही खेळातून काढावी लागली. २०२१ मध्ये प्रेक्षक परतले, तशी ती सोयही परतली. ज्याच्यावाचून खेळाचे एक अंग लुळे पडते, त्याच्याकडून पैसे घेऊन कोणी त्याला बसवील, हे शक्य तरी आहे का?

आता शिक्षकांसाठी एक शेवटची सूचना. सगळ्यांनाच गोरेगावला जायला जमणार नाही, आणि जाण्याची गरजही नाही. शनिवारच्या अर्ध्या शाळेत हा खेळ वर्गात मांडा. एक मूल पुढे बसवा, प्रश्न गावचाच घ्या. आपली नदी कोणती, आपला घाट कोणता, भाताची लावणी कोणत्या नक्षत्रात. ते अडले की बाकीच्या मुलांना पाटीवर उत्तराचे अक्षर लिहायला सांगा. पाटी पालथी ठेवायची, शेजाऱ्याची पाहायची नाही, आणि टाळी वाजली की सर्वांनी एकदम उचलायची. मोजणी मुलांनाच करू द्या, फळ्यावर खांब काढू द्या. गणित होईल, भूगोल होईल, आणि मतदान म्हणजे काय हेही नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधीच समजेल.

आमच्या शाळेत हा खेळ सुरू झाला, तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही मावशींना पुढच्या रांगेत बसवले. त्यांनी आधी विचारले, “गुरुजी, ह्या खुर्चीचे किती?” सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण जरा उशिराने.

एवढे सांगून आपली रजा घेतो. नमस्कार.